मस्टँगला ४.१० घातलं, आणि अ‍ॅव्हरेज चक्क वाढलेलं दिसलं

गाडी माझी २००६ ची फोर्ड मस्टँग जीटी, ४.६ लिटर व्ही८, पाच गिअरची मॅन्युअल. मागच्या एक्सलमध्ये कंपनीचं ३.५५ चं क्राउन-पिनियन होतं, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, आणि ३.५५ हा तिचा रेशो: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.५५ फेरे. ते काढून मागच्या महिन्यात ४.१० घातलं. कशासाठी, तर पिकअपसाठी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पाय दाबला की आता गाडी जशी उठते तशी आधी उठत नव्हती, सगळा खटाटोप त्यासाठीच होता आणि मी जाम खूश आहे. पण ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की अ‍ॅव्हरेज किती पडलं, म्हणून या वेळेस मुख्यतः त्यावरच लिहितोय.

बसवण्याचं थोडक्यात. ४.१० म्हणजे क्राउनला ४१ दात, पिनियनला १०. जुन्याला ३९ आणि ११. दातांना पिवळा रंग लावून फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, माझा पहिल्यांदा टोकाकडे सरकत होता. परत पिनियन काढा, शिम (पातळ चकती) बदला, परत प्रेस करा, परत डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजा, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या वेळेला ठसा बरोब्बर मधे आला तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो, इतकं समाधान वाटलं. पहिले २० मैल सावकाश चालवून गाडी पूर्ण गार होऊ दिली. हे टाळू नका, नवीन दात सुरुवातीला भरपूर तापतात.

आता खरी गोष्ट. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. आय-७१ वरून सिनसिनाटीच्या दिशेने १०० मैल जायचं, तेवढंच परत, त्याच पंपावर त्याच नोझलने टाकी फुल करायची, स्पीडोमीटरचा काटा ताशी ७० मैलांवर धरायचा, असा माझा ठरलेला रूट आहे. ३.५५ ला याच रूटवर ८.२ गॅलन लागले होते, म्हणजे गॅलनला २४.४ मैलांचं अ‍ॅव्हरेज. ४.१० घातल्यावर पहिल्याच फेरीत ट्रिपमीटर २३१ मैल, पेट्रोल ८.१ गॅलन, भागाकार केला तर २८.५! मी तीनदा हिशेब केला. रेशो वाढवून अ‍ॅव्हरेज चार मैलांनी वाढतं कसं?

घरी येऊन विचार करताना आठवलं की येताना एकूण एक ट्रक मला मागे टाकून जात होता. आणि दुसरं म्हणजे ७० ला टॅकोमीटर (इंजिनाचे आरपीएम दाखवणारा) आधीसारखाच २१०० च्या आसपास होता. इथेच मला कळायला हवं होतं. या गाडीत स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर असतो, मागे किती दात आहेत हे त्याला कळतच नाही, ते गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये ट्यूनर नावाचं यंत्र जोडून भरावं लागतं आणि मी ते भरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हायवेच्या कडेच्या मैलाच्या पाट्यांवर ताडून बघितलं, १० मैलांना ट्रिपमीटर ११.६ दाखवत होता. म्हणजे काटा ७० असताना गाडी खरी साधारण ६० नेच पळत होती आणि मैल फुगवून मोजले जात होते. खरे २०० मैल धरले तर ते २८.५ उतरून २४.७ होतं, आणि तेही हळू चालवून, म्हणजे तुलनेला काहीच उपयोगाचं नाही.

ट्यून दुरुस्त करून परत तोच रूट, खरे ७०, आता आरपीएम २४०० च्या थोडे वर. २०० मैल, ८.८ गॅलन, २२.७. हा आकडा मी खरा धरतो. आरपीएम १५-१६ टक्के वाढले पण पेट्रोल सातच टक्के जास्त लागलं. कारण ७० ला हवा कापायला जेवढी ताकद लागते ती रेशो कुठलाही असला तरी तेवढीच लागते, वाढतं ते इंजिनाच्या आतलं घर्षण, शिवाय थ्रॉटल जास्त मिटलेला राहतो त्यामुळे हवा आत ओढायलाच इंजिनाला जास्त जोर पडतो.

शहरात तर फरक जवळपास शून्य, ऑफिसच्या फेऱ्यांना आधी १६ होतं, आताही १६ च्या आसपास. पूर्वी ४५ ला पाचवा टाकला की इंजिन १३५० वर धडधडायचं म्हणून मी चौथ्यातच ठेवायचो, आता तिथे १५५० मिळतात आणि गाडी आरामात पाचव्यात जाते. सिग्नलवरून निघतानाही क्लच कमी घासावा लागतो.

आणि एक, एक्सलचा आकडा एकटा बघू नका, टॉप गिअरशी गुणून बघा. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे ते या गुणाकारातून कळतं. माझा पाचवा ०.६८ चा, म्हणजे ३.५५ ला २.४१ आणि ४.१० ला २.७९. शेव्हरोलेच्या जुन्या, एलएस१ इंजिनवाल्या कॅमारोच्या सहा गिअरवाल्या गाडीत मागे ३.४२ आणि सहावा ०.५० चा, गुणाकार फक्त १.७१. इंजिन ५.७ लिटरचं असून ती हायवेला निवांत चालते ती या सहाव्यामुळे. तिला ४.१० घातलं तरी २.०५ च होतात, माझ्या कंपनीच्या सेटिंगपेक्षाही कमी.

रोज ६०-७० मैल हायवे असेल तर पाच गिअरवाल्याने ३.७३ च घ्यावं असं माझं मत, ७० ला आरपीएम २२०० च्या आसपासच राहतं. माझा हायवे शनिवार-रविवारचाच, मी ४.१० ठेवणार.

५०० मैल झाले की मागचं तेल बदलायचंय, ७५डब्ल्यू-१४० ग्रेडचं तेल आणि लिमिटेड स्लिपसाठी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी मागची यंत्रणा) फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे तेलात घालायचं मिश्रण, आणून ठेवलंय. कव्हर उघडलं की दातांवरचा ठसा परत बघणार आणि फोटो टाकणार.