रिपोर्टमधली एक ओळ

आज आत्याला घेऊन कॅन्सर सेंटरला गेलो होतो. तिच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आधी एका छोट्या खासगी हॉस्पिटलात झालं. खोली स्वच्छ, नर्स मायाळू, डॉक्टर दोन्ही वेळा विचारपूस करायचे. याहून चांगलं काय असणार, असंच वाटत होतं.

आज इथल्या डॉक्टरांनी पॅथॉलॉजी रिपोर्टमधल्या एका ओळीखाली पेनाने रेघ ओढली. तपासलेल्या लसिकाग्रंथी (आतड्याजवळच्या छोट्या गाठी, कॅन्सर पसरताना यांच्यात पोचू शकतो): ५. निदान १२ तरी तपासायला हव्यात म्हणे, नाहीतर आजार त्या ग्रंथींपर्यंत पोचलेला नाही हे खात्रीने सांगता येत नाही. केमो द्यायची की नाही, तेही बरंचसं त्यावरच ठरतं. पोटात धस्स झालं. तीन आठवडे तो कागद माझ्याच पिशवीत होता.

आता काढलेला नमुना मागवून पुन्हा ग्रंथी शोधतील, मग सर्जन, केमोचे, रेडिएशनचे आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतील. आधीच्या ठिकाणी सगळं एकट्या सर्जननेच ठरवलं होतं.

पण इथे चार तास बाकावर बसलो आणि आत जेमतेम सात मिनिटं मिळाली. आत्याला दुखतंय का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. ते मला फार लागलं. केमो लागलीच तर इथल्या प्लॅननुसार घराजवळ घेता येईल, एवढं ऐकल्यावर मात्र आत्या पहिल्यांदा हसली.

उद्या सकाळीच आधीच्या हॉस्पिटलातून तो नमुना, त्याचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि काचेच्या स्लाइड्स आणायला जातोय.