खालची ओळ

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी यंदा मी आठवीच्या मुलांना दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज' मालिकेचं शीर्षकगीत शिकवायला घेतलंय. चाळीस मुलं, एक पेटी आणि दुपारचा शेवटचा तास. दोन गट केले. पहिल्याला वरची चाल दिली, दुसऱ्याला मी सोपी करून बसवलेली खालची संथ ओळ. वेगवेगळे गायला लावले की दोन्ही गट छान गातात. एकत्र आले की चौथ्या-पाचव्या शब्दाला दुसरा गट हळूच पहिल्याच्या चालीत शिरतो. एक मुलगी मात्र दोन्ही कानांवर हात ठेवून, डोळे मिटून गात होती. तिची ओळ शेवटपर्यंत टिकली.

त्या दिवसापासून या गीताचे संगीतकार वनराज भाटिया डोक्यातून जात नाहीत.

1988 साली मी सहावीत होते. रविवारी सकाळी मालिका लागायची. शीर्षकगीतातलं 'नासदासीन्नो सदासीत्' सुरू झालं की आजोबा पेपर बाजूला ठेवायचे. ऋग्वेदातलं सूक्त दूरदर्शनवर ऐकायला मिळतंय, याचंच त्यांना अप्रूप. सूक्ताचं हिंदी रूप आपल्या वसंत देवांनी केलं होतं. माझ्या अंगावर काटा यायचा तो मात्र आवाजांमुळे. इतकी माणसं एकाच वेळी, वेगवेगळ्या उंचीवर गातायत आणि तरी सगळं एक वाटतंय, असं आमच्या घरात कधी कानावर पडलं नव्हतं. आमच्याकडे आरती व्हायची, भजन व्हायचं, पण सगळे मिळून एकच चाल म्हणायचे. हे संगीत कुणाचं, हे विचारायचं मला पुढची कित्येक वर्षं सुचलं नाही.

भाटिया मुंबईचेच, जन्म 31 मे 1927 चा, घर गुजराती. लहानपणी ते देवधर मास्तरांच्या संगीत शाळेत हिंदुस्थानी संगीत शिकले. ज्या मास्तरांकडे कुमार गंधर्व घडले, तीच ही शाळा. पुढे चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, ऐकला आणि पियानोची ओढ लागली. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम.ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले, 1954 मध्ये सुवर्णपदक मिळवलं आणि मग पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे पाच वर्षं शिकले. विसाव्या शतकातल्या किती तरी मोठ्या रचनाकारांच्या या गुरू.

इतकं शिकून माणूस 1959 मध्ये परत आला. इथे सिंफनी लिहून पोट भरणं शक्यच नव्हतं. दिल्ली विद्यापीठात त्यांनी पाच वर्षं पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि जाहिरातींना चाली दिल्या, सात हजारांच्या वर. लिरिलची ती धबधब्याखालची चाल त्यांचीच. 'अंकुर'पासून श्याम बेनेगलांचे चित्रपट आले. हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरचा 'भूमिका', 'मंथन', पुढे 'सरदारी बेगम', ज्यात आरती अंकलीकरांचा आवाज आहे. 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे सगळं आपल्याला ठाऊक असतं, फक्त त्यामागचं नाव आठवत नाही.

त्यांनी मैफलीसाठी जे लिहिलं, ते तर कानावरही येत नाही. पियानोसाठी 'फँटाझिया अँड फ्यूग इन सी', तंतुवाद्यांसाठी 'सिंफोनिया कॉन्चेर्तान्ते'. कॉलेजात असताना मी एका मोठ्या दुकानात त्यांच्या पियानोरचना मागितल्या होत्या. दुकानदाराने चित्रपटांच्या कॅसेटचा गठ्ठा पुढे केला. वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

कारण आपल्या रागाला पाश्चात्त्य पद्धतीने एकाहून अधिक सुरांची जोड देणं किती अवघड आहे, ते पेटीवर बसल्यावर कळतं. भूप राग घ्या. पंचमावर साधा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर, उभा करायचा तर प, नि आणि रे लागतात. निषाद भूपात वर्ज्य. तो दाबला की भूप गेला. नुसता षड्ज धरून बसलात तर राग शाबूत राहतो, पण मग तंबोऱ्याहून वेगळं काय केलंत? कॉर्ड सोडून रागातल्याच सुरांची दुसरी स्वतंत्र चाल खाली सोडायची, ही एक वाट आहे. ती चाल वरच्या चालीला साथ देत नाही, तिच्याशी बोलते. त्यासाठी दोन्हीकडचं शिक्षण हाडीमाशी मुरलेलं असावं लागतं. भाटियांकडे ते होतं.

म्हातारपणी त्यांनी गिरीश कर्नाडांच्या नाटकावर 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहिला. 2012 मध्ये त्याचे पहिले दोन अंक सादर झाले, तेही न्यूयॉर्कला. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. 2019 च्या जानेवारीत जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची 'रेव्हरी' ही रचना वाजवली. शेवटच्या वर्षांतल्या पैशांच्या ओढाताणीच्या बातम्याही त्याच सुमाराच्या. 7 मे 2021 ला ते गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रोज इतकी माणसं जात होती, की माझ्या ओळखीत कुणी त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी त्या रात्री हेडफोन लावून 'नासदासीन्नो' तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा फक्त खालचे आवाज धरून.

परवाच्या तालमीत त्या मुलीने शेजारणीचा हात धरला आणि प्रत्येक मात्रेला तिच्या तळव्यावर बोट दाबत गेली. शेजारण चुकली नाही. आता खालच्या ओळीत सहाजणी पक्क्या आहेत. चौदा राहिल्यात. पट्टी मी अर्ध्या सुराने चढवून बघणार आहे, खालचे सूर थोडे भरून येतील.