पगवॉश: रॉटब्लाट यांच्या मागावर

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातून पगवॉशला गाडीने साधारण दोन तास. नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे खेडं: मिठाची खाण, लॉबस्टरच्या होड्या, आणि रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला गेलिक, म्हणजे स्कॉटिश लोकांची जुनी भाषा. मी आलो होतो अणुबॉम्बचं काम सोडून देणारे पदार्थवैज्ञानिक जोसेफ रॉटब्लाट यांच्या मागावर, आणि मला बघायचं होतं पाण्याकाठचं थिंकर्स लॉज. जुलै १९५७ मध्ये इथे २२ शास्त्रज्ञ अण्वस्त्रांवर बोलायला जमले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन आणि सोव्हिएत माणसं एकत्र! खर्च उचलला उद्योगपती सायरस ईटन यांनी. त्यांची अट एकच, बैठक आपल्या जन्मगावी, पगवॉशलाच घ्यायची. त्याआधी ती भारतात भरवायचं घाटत होतं, नेहरूंचं आमंत्रणही होतं, पण १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून पेटलेल्या पेचामुळे ते बारगळलं.

घर लाकडी, ऐसपैस. शेजारच्या जुन्या लॉबस्टर कारखान्याचं जेवणघर केलंय. (तिथे उभं राहून लॉबस्टर न खाणारा मी विरळाच असेन.)

खोल्यांतून फिरताना डोक्यात होते ते या बैठकीमागची धावपळ करणारे रॉटब्लाट. वॉर्साचे ज्यू, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला न्यूट्रॉनचा शोध लावणाऱ्या जेम्स चॅडविक यांच्या हाताखाली काम करणारे. १९३९ मध्ये आजारी बायकोला, टोलाला, मागे ठेवून ते इंग्लंडला परतले आणि लगेच युद्ध पेटलं. ती नाझींच्या संहारात गेली. हिटलरच्या आधी बॉम्ब व्हायला हवा म्हणून ते लॉस अलामॉसला, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेत गेले. मार्च १९४४ मध्ये चॅडविक यांच्याकडे जेवताना प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज बोलून गेले, की बॉम्बचा खरा रोख रशियावर आहे. रॉटब्लाट हादरलेच. वर्षअखेरीस जर्मनीचा बॉम्ब होत नाही हे कळल्यावर त्यांनी काम सोडलं. हेरगिरीचा संशय आला, खरं कारण सहकाऱ्यांना सांगायचीही बंदी. वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला जाताना त्यांची कागदपत्रांची पेटी रेल्वेगाडीतून गायब झाली, ती कायमचीच.

पुढे त्यांनी पदार्थविज्ञान रुग्णालयात नेलं, किरणोत्सर्गाचे शरीरावरचे परिणाम अभ्यासले. अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ११ जणांत ते सर्वांत तरुण. माझ्या मते सही करणं सोपं होतं. १९४४ मध्ये एकट्याने बाहेर पडणं अवघड, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं पत्रं लिहून, माणसं जमवून बैठका भरवत राहणं त्याहून किचकट. १९९५ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि या बैठकीतून उभ्या राहिलेल्या पगवॉश परिषदेला अर्धं अर्धं मिळालं, तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.

लॉज उन्हाळ्यातच बघता येतं, आधी चौकशी करून जा. १ जुलैच्या सुमारास गावात स्कॉटिश कुळांचा मेळा असतो, तेव्हा गाडी लावायला जागा मिळायची आशा सोडा.