मास्तरांचा मुक्तिदिन

रविवार, रात्र

चवथ आटोपली. विसर्जनं झाली, गणपतीवर टांगलेल्या माटोळ्या उतरल्या, घरोघरी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, डब्यांचे तळ दिसू लागले. दरवर्षी हे झालं की आमचं जेवण ठरतं, माईंच्या म्हार्दोळच्या घरी. हॉटेलात आम्ही जमत नाही. तिथे खाण्यासारखं पुष्कळ असतं, पण आपला बांगडा ज्या तव्यावर पडतो त्याच तव्यावर मघाशी कोणाचा तरी रवा लावलेला इसवण चरचरून गेलेला असतो. गोव्यात मासळी आणि रवा यांची सोयरीक कोणी जुळवली, कोण जाणे. माई तांदळाचं पीठ लावतात. कुरकुरीतपणात काडीचा फरक पडत नाही, हे मी माझ्या माहेरच्यांना अजून पटवू शकलेले नाही.

आमच्यात नातं-गोतं काही नाही. जात, धर्म, तालुका, कशाचाच मेळ नाही. सगळ्यांना सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आमचं आतडं बिघडतं, एवढंच. मास्तर मला भेटले ते पोटाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर. माझ्या हातात लोहाच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी, त्यांच्या हातात तसलीच. 'तुमचं हिमोग्लोबिन किती?' हा आमच्या मैत्रीतला पहिला प्रश्न. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आणि या दुखण्याचा पहिला मार नेमका तिथेच बसतो. म्हणून आम्ही दोघं गोळ्या गिळत होतो आणि रक्त होतं तिथेच होतं.

मास्तर निवृत्त इतिहासाचे शिक्षक. ज्या बायोप्सीत हे दुखणं सापडलं तिच्या तारखेला ते मुक्तिदिन म्हणतात. 'पोर्तुगीज 1510 ला आले, 1961 ला गेले. पाव ठेवून गेले. माझं आतडं आणखी बरीच वर्षं पारतंत्र्यात होतं.' दरवर्षी त्या तारखेला ते घरावर झेंडा लावायच्या गोष्टी करतात आणि त्यांच्या बायको त्यांना आत बोलावून कढी ढवळायला लावतात.

आजचा पहिला तास चवथीच्या हिशेबात गेला. कोणाला किती जणांनी 'एक नेवरी खाल्ली म्हूण कितें जाता?' (काय होतं?) असं विचारलं, याची मोजदाद. बक्षीस माझ्या आतेसासूबाईंना मिळालं. त्या मला ताट पुढे करत म्हणाल्या होत्या, 'खा गो बिनधास्त, मैदा नाही घातला यंदा, सगळा रवा आहे.' हे सांगितल्यावर आमच्यातली पोईबाय इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बाहेरच्या माणसाला हा विनोद सांगायचा तर आधी रवाही गव्हाचाच हे सांगावं लागतं, आणि तोवर त्यातली हवा जाते.

मग बाप्पाचा विषय निघाला. माई म्हणाल्या, रत्नागिरीकडे बाप्पाला उकडीचे मोदक, तांदळाचे, म्हणजे तिकडे तो आपल्या बाजूचा. इथे येतो आणि नेवऱ्या मागतो. मास्तर शांतपणे म्हणाले, 'गोव्यात आल्यावर पक्ष बदलला, त्यात नवल ते काय?'

खरं तर 'कितें जाता' या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही, लोकांना ते ऐकायचं नसतं. पावाच्या एका कापात दोन ग्रॅमच्या वर ग्लूटेन असतं. आमच्यासारख्याच्या पोटात रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे त्या कापाचा चाळिसावा हिस्सा, असं काही महिने गेलं तरी आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजू लागतात. पुष्कळदा त्या क्षणी काहीच होत नाही. हाच सगळा घोळ आहे. नेवरी खाऊन मी तिथल्या तिथे फेफरं येऊन पडले असते तर आतेसासूबाईंनी पुढच्या वर्षी स्वतः तांदळाच्या पातोळ्या केल्या असत्या. पण मी पडत नाही. मी सहा महिन्यांनी थकते, केस गळतात, आणि लोक म्हणतात ऑफिसचा ताण असेल.

पोईबायचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला हेच नाव आवडतं. ती सासष्टीतल्या पदेराची, म्हणजे पाववाल्याची, लेक. घरी भट्टी. बाप मध्यरात्री उठून कणीक तिंबणार, पहाटे सायकलच्या पोंग्याचा आवाज गावभर फिरणार, पोई, उंडे, काकणं घरोघर जाणार, आणि हिला त्यातलं काही चालत नाही. भट्टीच्या खोलीत पीठ हवेत तरंगतं, नाकातोंडात जातं, म्हणून बापाने तिला तिकडे फिरकायची बंदी केली. 'जगातली एकटी मी,' ती म्हणते, 'जिला बापाने धंद्यापासून लांब ठेवलं आणि मी खटला भरला नाही.' चर्चमधली तिची अडचण मला आधी माहीतच नव्हती. मिस्साच्या वेळची ओस्त, म्हणजे प्रसादाची पातळ चकती, गव्हाचीच लागते. अगदी ग्लूटेन नसलेली चालत नाही, कमी ग्लूटेनची चालते, असं व्हॅटिकनने 2017 मध्ये पुन्हा एकदा कळवलं होतं. ज्याला तीही झेपत नाही त्याने नुसता द्राक्षारस घ्यायची मुभा आहे. ती तसं करते. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की पदेराची पोर पाव सोडून वाइनला लागली.

माईंची पंचाईत तिच्या उलट. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा. तिला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा ती म्हणाली होती, 'मी केळं घेते आणि देवाला सांगते, माझ्या नावावरचा शिरा तूच खा.' हो, माईंना मी समोर अहो-जाहो करते आणि इथे वहीत कधी कधी एकेरीवर येते. असो.

मास्तरांची एक गोष्ट आज परत झाली. आम्हाला ती पाठ आहे, तरी कोणी अडवत नाही. नेदरलँड्समध्ये डीके नावाचा मुलांचा डॉक्टर होता. त्याला महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हाचा संशय होता. 1944–45 च्या हिवाळ्यात तिथे अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, आणि त्याच्या वॉर्डातली सीलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. मास्तर हे इतकं रंगवून सांगतात, की जणू तेही त्या वॉर्डात होते. मला त्यातलं ट्यूलिपचं वाक्य आलं की दरवेळी बोलणं थांबवावंसं वाटतं. आजूबाजूची माणसं उपाशी असताना काही मुलांची पोटं पहिल्यांदा भरत होती. पण आमच्या पंगतीत त्या वाक्यावरही कंडक्टर म्हणालाच, 'माई, पुढच्या वेळी ट्यूलिपचं खतखतं करा.'

कंडक्टर हा आमच्यातला सगळ्यात लहान. डिचोलीचा. बसवर कंडक्टर आहे, म्हणून नावही तेच. त्याच्याशिवाय जेवण फिकं. मासळीची ताटं येताच 'तिकीट, तिकीट' करत पंगतीतून फिरणार, हुमणात हिंग आहे का म्हणून मुद्दाम विचारणार. (हुमणात हिंग नसतो, पण आमच्यात हिंगाची दहशत आहे. डबीतल्या पुडीच्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं, पुष्कळदा गव्हाचं. मास्तरांचे रक्ततपासणीचे आकडे वर्षभर का उतरत नाहीत याचा छडा त्यांच्या बायकोने लावला, तो वरणाच्या फोडणीत सापडला.) बिअर बंद झाल्याचं दुःखही त्यानेच साजरं करायला शिकवलं. बिअर जवाची, जवातही ग्लूटेन. पण फेणी काजूच्या बोंडूची. 'डॉक्टरांनी बिअर लिहून बंद केली,' तो म्हणतो, 'फेणीबद्दल कागदावर एक अक्षर नाही. कागदाबाहेर मी जात नाही.'

चवथीनंतरच्या जेवणाला सगळे रक्ताचे रिपोर्ट आणतात. टीटीजी नावाची तपासणी. पथ्य नीट पाळलं की आकडा हळूहळू उतरतो, कोणाचा वर्षभरात, कोणाचा त्याहून उशिरा. हे रिपोर्ट आम्ही हाउजीसारखे वाचतो. फेस्ताला, लग्नात, क्लबात हाउजी खेळल्याशिवाय गोंयकाराला चैन पडत नाही, तर आमचीही ही हाउजी. कंडक्टर कागद गोळा करतो, खुर्चीवर चढतो आणि मोठ्याने पुकारतो. आज पुकारलं, 'मास्तर, सिंगल नंबर, सहा!' टाळ्या. 'पोईबाय, टू अँड फोर, ट्वेंटी फोर!' पोईबायने भट्टीला दोष दिला. माझा अकरा. माईंचा चार, त्यावर मास्तरांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

मग तो खुर्चीवरून उतरला आणि ग्लास भरायला गेला.

माई म्हणाल्या, 'आणि तुझा रे?'

तो पाठमोराच म्हणाला, 'माझं फुल हाउस.'

आम्ही हसलो. हसताना मास्तरांनी टेबलावरचा त्याचा कागद उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. आकडा नव्वदच्या वर होता. गेल्या वर्षी तो तिशीत होता.

गेले काही महिने तो जरा जास्तच विनोद करत होता, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय. फोनवर रोज दोन-तीन नवे. मला वाटायचं बरं चाललंय. बरं चाललेला माणूस इतका बोलत नाही बहुतेक. मास्तरांचं बरं चालतं तेव्हा ते सुपारी कातरत गप्प बसतात.

कोणी रागावलं नाही. घरी रागावायला माणसं असतात, ती ते काम चोख करतात. पोईबायने फक्त विचारलं, 'खंय?' कुठे? कधी, का, असं काही नाही, नुसतं कुठे. आणि त्याने सांगितलं. त्याची वस्तीची गाडी असते. शेवटची फेरी फोंड्याहून रात्री उशिरा सुटते, माईंच्या घरापासून जवळच्याच एका गावात रात्री थांबते आणि पहाटे परत निघते. घरून आणलेला डबा दुपारीच संपतो किंवा उन्हाने आंबतो. फोंड्याला सुटायच्या आधी गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे रस्सा ओतलेलं ऑम्लेट, मिळतं. पहिल्या महिन्यात त्याने पाव नको सांगितलं. गाडेवाला म्हणाला, पावाशिवाय रोस पुसणार कशाने, आणि पाव दिलाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा, मागे रांग, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. एक दिवस त्याने सांगितलं नाही.

'चवीला कसा होता?' मास्तरांनी विचारलं.

'कितें सांगूं मास्तर,' तो म्हणाला, 'स्वर्ग.'

आणि मग सगळेच हसले, तोही, आणि पहिल्यांदा आज त्याचा आवाज जागेवर आल्यासारखा वाटला. नव्याने पथ्य सुरू झालेल्या कोणाला हा प्रसंग ऐकवला तर तो म्हणेल, तुम्ही त्याला उत्तेजन देताय. देत नाही आहोत. त्या पावाची चव आमच्यातल्या प्रत्येकाच्या जिभेवर आहे. पोईबायच्या तर बापाच्या हाताची आहे. ती चव नाकारून त्याला उपदेश केला असता तर पुढच्या वर्षी त्याने कागदच आणला नसता.

यानंतर बोलणं एकदम व्यवहारावर आलं, आणि ते मला फार आवडलं. मास्तरांनी तांदळाचे पोळे थंडसुद्धा चांगले लागतात आणि दुपारपर्यंत आंबत नाहीत, यावर व्याख्यान दिलं. मी फ्लास्कमध्ये पेज न्यायची सुचवली, ती एकमताने फेटाळली गेली. पोईबाय म्हणाली, बस थांबल्यावर तू झोपतोस कुठे? तो म्हणाला, गाडीतच. माई इतका वेळ भांडी आवरत होत्या. त्या पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, वस्तीच्या रात्री इथेच जेवायचं, गाडी लावून चालत ये, दहा मिनिटं लागतात, शीत-कडी झाकून ठेवते, मासळी असली तर मासळी.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, 'माई, तिकीट लागेल?'

'लागेल,' माई म्हणाल्या. 'आणि सुटे घेऊन ये.'