पांढरी मुळी का चालेना?

निफाडकडच्या आमच्या जुन्या थॉमसन द्राक्षाच्या बागेत एका कोपऱ्यातली शे-सव्वाशे झाडं दोन वर्षं मागे पडत होती. छाटणी, खत, पाणी सगळं इतरांसारखंच, तरी काडी बारीक. चुलते म्हणाले, फेरस, म्हणजे लोह, कमी पडतंय. दुकानदाराने मुळी वाढायला म्हणून ह्युमिक अ‍ॅसिड दिलं. शेवटी ड्रीपरखाली बोद (झाडांच्या ओळीचा मातीचा उंचवटा) उकरला, तर पांढरी मुळी, म्हणजे पाणी-अन्न शोषणारी कोवळी मुळं, जवळपास नाहीच. होती तिच्यावर मण्यांसारख्या गाठी.

वीतभर खोलवरून आठ-दहा झाडांखालची माती घेतली, पिशवी भरली आणि दिवसभर उन्हात ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवली. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी ती हात लावून परत दिली. "दादा, सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, जिवंत असतील तरच मोजता येतात." चाळणीत टिश्यू पेपरवर माती पसरतात, खालून पाणी टेकवतात. जिवंत असतील ते वळवळत पाण्यात उतरतात, मेलेले वरच राहतात. एरवी माती सुकवून द्यायची सवय, तीच नडली.

दुसऱ्यांदा ओलसर माती आणि मूठभर बारीक मुळ्या सावलीतून नेल्या. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर अळीसारखं कितीतरी काही वळवळत होतं. मी घाबरलो. पण मॅडम म्हणाल्या, यातले बरेचसे जिवाणू खाऊन जगणारे, निरुपद्रवी. तोंडात सुई असलेले शोधायचे, आणि सुई असलेले सगळेच मुळांवर जातात असंही नाही. गाठी करणाऱ्यांचे पूर्वज बुरशीवर जगत, असं मानतात. मुळात शिरायचं तर पेशीची भिंत विरघळवणारं विकर (एन्झाइम) लागतं, आणि त्याचं जनुक यांच्याकडे जिवाणूंकडून आलेलं दिसतं. म्हणजे घर फोडायची हत्यारंसुद्धा उसनी! मुळांकडे वळलेलं हे एकच घराणं नाही. वेगवेगळ्या सूत्रकृमींनी ही वाट स्वतंत्रपणे, अनेकदा धरली आहे.

गाठींमधला निघाला मेलोइडोगायनी. याची पिल्लं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी शेकडो अंडी घालते, आणि काही जातींत तर नराची गरजही नसते. मुळातल्या पेशी फुगवून तो त्यांच्याकडूनच स्वतःला पोसून घेतो. टोमॅटो, वांगी, द्राक्ष, त्याला सगळं चालतं. तेव्हा आठवलं, बाग लावण्याआधी त्याच कोपऱ्यात आम्ही सलग टोमॅटो घेत होतो.

सध्या निंबोळी पेंड, पॅसिलोमायसिस (सूत्रकृमींना मारणारी बुरशी) आणि मोकळ्या जागेत झेंडू असं चाललंय. मेलेल्या झाडांच्या जागी डॉगरीज खुंट, म्हणजे सूत्रकृमींना दाद न देणाऱ्या जातीची मुळं असलेली रोपं, लावणार. चुलते अजून फेरसवरच अडून आहेत.