मालवणची वाळू, आंबोलीचा चिखल आणि झाकणवाली गोगलगाय

मालवणला लोक स्कुबा करायला जातात, आम्ही भरती-ओहोटीच्या वेळा बघून गेलो. किल्ला वगैरे पहिल्याच दिवशी उरकला, बोटीच्या रांगेत जीव नकोसा झाला, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी मजा पहाटेच्या ओहोटीला. पाणी मागे सरलं की ओल्या वाळूत बटणांएवढे, बटणांसारखेच चपटे गुळगुळीत अंबोनियम नावाचे शंख दिसायला लागतात. गुलाबी, राखाडी, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे. शेजारची मुलं रंगावरून वेगवेगळे ढीग लावत होती आणि मोठी माणसंही तेच करतात, पण एवढे सगळे रंग एकाच जातीत असू शकतात हो! रंगाला भुलू नका, शंख उलटा करून तोंड बघा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड उजवीकडे येतं का डावीकडे, मग तोंडाच्या खालच्या कडेला खाच किंवा नळी आहे का. ही खाच म्हणजे आतला प्राणी पाणी आत ओढून वास घ्यायची जी नळी बाहेर काढतो तिची जागा, आणि खाचवाले बरेचसे शिकारी नाहीतर मेलेलं खाणारे असतात. अंबोनियमला खाच नाही, तो वाळूत बसून पाण्यातले कण गाळून खातो.

अर्थात नियम म्हटला की अपवाद आलाच. नॅटिका, म्हणजे तो गोल गरगरीत मून स्नेल, त्यालाही खाच नाही पण तो पक्का शिकारी. मला तिथे एका शिंपल्यावर भोक सापडलं, अगदी गोल, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं. हे नॅटिकाचं काम. आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करायचं, दातेरी जिभेने खरवडायचं, आणि हे तासन् तास चालतं. म्युरेक्स, म्हणजे आणखी एक शिकारी शंख, त्याच्या घराण्यातले पाडतात त्या भोकाच्या भिंती जास्त सरळ असतात. म्हणजे खाणारा निघून गेला तरी शिंपल्यावर त्याची सही राहते!

आणि तेवढ्यात एक ग्रुप पिशव्या भरभरून शंख घेऊन निघाला. त्यातले कितीतरी चालत होते, आत हर्मिट क्रॅब होते. त्या खेकड्याला शंख स्वतः बनवता येत नाही, वाढला की मोठा रिकामा शंख शोधावाच लागतो, आणि आपण ते शोकेससाठी घेऊन जातो. मला खरंच संताप आला. काही समुद्री शंखांच्या जाती तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, हे किनाऱ्यावर एका पाटीवर तरी लिहायला काय हरकत आहे?

मग सावंतवाडीवरून आंबोली. पाऊस, धुकं, ओले कपडे, रूममध्ये काही वाळेना, पण गोगलगायींसाठी याहून चांगलं हवामान नाही. एका बुंध्यावर अरिओफँटा नावाची गोगलगाय होती, तिचं तोंड डावीकडे! बहुतेक गोगलगायी उजव्या वळणाच्या, ही मात्र डावखुरी. आणि खाली पालापाचोळ्यात दुसरी गोगलगाय, सायक्लोफोरस, जाडसर कवच, गोल तोंड. मी टॉर्च धरून आडवी पडले, गुडघे चिखलात, आणि बघत राहिले. अरिओफँटाला शिंगांच्या दोन जोड्या, डोळे वरच्या जोडीच्या टोकावर. सायक्लोफोरसला एकच जोडी आणि डोळे शिंगांच्या मुळाशी, कालच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायींसारखे. चालताना पाठीमागे गोल झाकण दिसत होतं. पान हललं तशी ती आत गेली आणि झाकणाने दार बंद! अरिओफँटाकडे हे झाकण नसतंच.

मला हे वाचून माहीत होतं, पण समोर बघताना काटा आला. एकाच झाडाखाली दोघी, दोघी जमिनीवरच्या, पण सायक्लोफोरसचं जवळचं नातं मालवणच्या त्या नॅटिकाशी, वरच्या शेजारणीशी नाही. या दोघींचे पूर्वज समुद्रातून वेगवेगळ्या वाटांनी जमिनीवर आले. नुसतं 'समुद्रातले' आणि 'जमिनीवरचे' असे दोन डबे केले की हे नातं दिसतच नाही.

म्हणून ओळख पटवायला फोटो काढताना कवचाचा एकच काढू नका. तोंडाच्या बाजूने, वरून, खालून, शेजारी पट्टी ठेवून, आणि प्राणी जिवंत असेल तर थोडं थांबून डोक्याचा नक्की काढा, डोळे कुठे आहेत ते दिसेल असा. झाकण असेल तर त्याचाही.