आजार नाही, म्हातारपण

"डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन टाका ना, आम्हाला शिफ्ट व्हायचंय."

आज ठाण्याच्या नौपाड्यात जनावरांच्या दवाखान्यात शेजारच्या बाई हे बोलल्या. सोबत त्यांचा लॅब्राडोर. मागचे पाय जरा धरलेले, बाकी धडधाकट. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये तो नको होता, म्हणून त्याला मरणाचं इंजेक्शन हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, "याला आजार नाही, म्हातारपण आहे." आणि साफ नकार दिला.

"मग प्राण्यांच्या शेल्टरला सोडतो," बाई म्हणाल्या.

सोफ्यावर वाढलेला जीव! शेल्टरच्या पिंजऱ्यात असे कितीतरी कुत्रे अन्न सोडतात.

असाध्य आजारात, यातनांतून सोडवायला ते इंजेक्शन द्यावं, मला मान्य आहे. पण घर बदलायचं म्हणून? आणि पाळलेलं जनावर उपाशी मरायला वाऱ्यावर सोडणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

लॅब्राडोर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. पिल्लू घरी आणताना त्याचं म्हातारपण कुणी हिशेबात धरतच नाही का?